७०-२०० घेऊ का? डर्ट जंपच्या एका फोटोचं प्रकरण

प्रश्न अगदी सरळ होता. "दादा, ७०-२०० एफ २.८ लेन्स सेकंडहँड मिळतेय. घेऊन टाकू का?" (७०-२०० ही लांबचं जवळ आणणारी टेली लेन्स. मिलिमीटरचा आकडा जितका मोठा तितकं दृश्य जवळ, एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत.)

विचारणारा पुण्यातला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. त्याचा वर्गमित्र माउंटन बाइकवर डर्ट जंप मारतो, म्हणजे मातीच्या चढावरून सायकल हवेत उडवतो. त्या मित्राला सायकलच्या एका दुकानाकडे स्पॉन्सरशिपसाठी अर्ज करायचा होता आणि अर्जासोबत चार-पाच दमदार फोटो जोडायचे होते. विद्यार्थ्याकडे निकॉन डी७५०० कॅमेरा, त्याच्यासोबत किटमध्ये आलेली १८-१४० लेन्स, एक ५० एफ १.८ लेन्स आणि काकांनी दिलेला जुना एसबी-८०० फ्लॅश एवढं सामान होतं. साठवलेले ४५ हजार रुपये होते आणि ते सगळे त्या एका लेन्सवर जाणार होते.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण जंपचे फोटो काढायला लागलेली जवळजवळ सगळी मुलं-मुली याच दुकानाच्या पायरीवर येऊन थांबतात. मोठी पांढरी किंवा काळी टेली घेतली की फोटो आपोआप येतील, असं वाटतं. या प्रकरणात माझं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं: इथे पैसा उजेडावर घालायचा, काचेवर नाही. का, ते आकड्यांसकट सांगतो.

आधीचे फोटो

त्याने पाठवलेले फोटो सकाळी अकराच्या सुमाराचे, लांबून, १४० मिलिमीटरवर काढलेले होते. शटर १/१६०० सेकंद, त्यामुळे रायडर स्वच्छ, स्पोक मोजता येतील इतका शार्प. तरी फोटो पडेल वाटत होते. एक तर दीड-दोन मीटर वर गेलेली सायकल फूटपाथवरून उतरल्यासारखी दिसत होती. दुसरं, फुल-फेस हेल्मेटच्या पीकची, म्हणजे पुढच्या छज्जाची, सावली थेट डोळ्यांवर, म्हणजे चेहऱ्याच्या जागी काळं भोक. तिसरं, मागे पांढरट आकाश आणि वाळलेलं गवत, आणि रायडर त्यातच विरघळलेला.

"लेन्स स्लो आहे," हे त्याचं निदान. पण यातली कुठली तक्रार ७०-२०० ने सुटते? उंची दिसत नाही ती उभं राहण्याच्या जागेमुळे. चेहरा काळा आहे तो डोक्यावरच्या उन्हामुळे. पार्श्वभूमी तर वेळ आणि दिशा चुकल्यामुळे गेली. एफ २.८ ने मागचं गवत धूसर झालं असतं, बाकी सगळं होतं तिथेच राहिलं असतं.

फोनवर ही मुलं जे फोटो बघतात त्याचाही यात हात आहे. अमेरिकेत युटामधल्या व्हर्जिन गावाजवळ २००१ मध्ये रेड बुल रँपेज ही माउंटन बाइकची स्पर्धा सुरू झाली. तिथे लाल कडे, उघडं वाळवंट आणि भरपूर ऊन, म्हणून लांबून टेलीने काढलेला रायडर त्या अवाढव्य कड्यासमोर उठून दिसतो. दुसरीकडे कॅनडातल्या व्हिसलरच्या जंगलात भर दुपारीही झाडांखाली अंधारं असतं, आणि तिथल्या फोटोंत फ्लॅशचा कडक उजेड दिसतो तो गरजेपोटी आलेला. आपल्या मुरमाड टेकाडावरचा एक मीटरचा किकर, म्हणजे उडीसाठीचा मातीचा चढ, यातल्या कुठल्या जातीचा, हे आधी ठरवावं लागतं. रँपेजचा कडा आपल्याकडे नाही, मग रँपेजची लेन्स घेऊन उपयोग काय?

जागा आणि उडी

जागा मुळशीच्या बाजूला, एका ओळखीच्या शेतकरी काकांच्या पडीक तुकड्यावर. त्यांची परवानगी घेऊन पोरांनी मुरूम आणि माती कुदळून किकर उभा केलेला. (पुण्याच्या टेकड्यांवर बराच भाग वनखात्याचा आहे. तिथे असं खणू नये, आणि खणलेलं दिसलं तरी त्याचे फोटो काढून मिरवू नयेत.) लिप, म्हणजे सायकल जिथून सुटते ती किकरची वरची कड, साधारण एक मीटर उंच, मध्ये साडेचार मीटरची गॅप, पुढे तेवढ्याच उंचीचं उतरतं लँडिंग. उत्तरेला गिरिपुष्पाची दाट रांग, पश्चिमेला उघडी दरी. डिसेंबर महिना, सूर्यास्त सहाच्या आसपास.

रायडर लिप सोडतो तेव्हा वेग ताशी २५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७ मीटर. लिपचा कोन ३५ अंशांच्या घरात. शाळेतलं प्रक्षेप्य गतीचं गणित मांडलं तर वर जायला ०.४ सेकंद लागतात, लिपच्या वर सुमारे ८० सेंटिमीटर उंची मिळते आणि पुढे जायचा वेग सेकंदाला ५.७ मीटर राहतो. हे कशाला मांडायचं? कारण यातून दोन गोष्टी हाती लागतात.

पहिली म्हणजे शिखराच्या क्षणाच्या आधी ०.१ सेकंद आणि नंतर ०.१ सेकंद, या काळात सायकलची उंची फक्त ५ सेंटिमीटरने बदलते. बटण दाबायला ०.२ सेकंदांची खिडकी मिळते, आणि ती पुरेशी आहे. डी७५०० सेकंदाला ८ फ्रेम काढतो, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये रायडर ७० सेंटिमीटर पुढे सरकतो. हवेत सायकल आडवी किंवा तिरकी वळवण्याच्या कसरतीत (टेबलटॉप, व्हिप) ती पूर्ण वळल्याचा क्षण त्या दोन फ्रेमच्या मध्ये सहज निसटतो. कॅमेरा न लावता रायडरच्या दोन-चार रन नीट बघून एकच फ्रेम मारणं बर्स्टपेक्षा, म्हणजे सलग फ्रेमा काढत राहण्यापेक्षा, भरवशाचं, आणि फ्लॅश वापरायचा तर दुसरा पर्याय तसाही फारसा नसतो.

दुसरी म्हणजे शिखरावर उभी हालचाल थांबली तरी आडवी थांबत नाही. "टॉपला सगळं स्थिर असतं" असं सर्रास सांगितलं जातं. १/२५० शटरला तेवढ्या वेळात सायकल २३ मिलिमीटर सरकते. सहा मीटर रुंद दृश्य डी७५०० च्या ५,५६८ पिक्सेलवर पडलं तर एक पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटरहून जरासं जास्त. २३ मिलिमीटर म्हणजे २१ पिक्सेलचा फराटा. १/१००० ला पाच पिक्सेल. हे आकडे पुढे पुन्हा लागतील.

चौकट तीच, लेन्स वेगळी

लिप, रायडर आणि लँडिंग एकत्र बसवायला सहा मीटर रुंदीची चौकट लागत होती. डी७५०० चा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आहे. ती चौकट मिळवायला ७० मिलिमीटरवर १८ मीटर मागे जावं लागतं, १८ मिलिमीटरवर ४.६ मीटर आणि १२ मिलिमीटरवर ३ मीटर. तिन्हींत रायडर त्याच मापाचा येतो. बदलतं ते बाकीचं सगळं.

१८ मीटरवरून लिप, रायडर आणि मागची झाडी एकमेकांना चिकटल्यासारखी दिसते. साडेचार मीटरवरून, कॅमेरा गुडघ्याच्याही खाली धरून वर बघितलं, की लिप पुढे येऊन भिंतीसारखा उभा राहतो, रायडर आकाशात जातो आणि लँडिंग दूर पडतं. उडी मोठी वाटते ती इथे. १२ मिलिमीटरवर हा परिणाम आणखी वाढतो, पण चौकटीच्या कडेला आलेलं चाक अंड्यासारखं लांबतं. रायडरला मधल्या तिसऱ्या भागात ठेवता आलं तरच तिथवर जावं. फिशआयचा मोह स्केटबोर्डिंगच्या फोटोंमुळे होतो. एखाद्या फ्रेमला गंमत येते, पण अर्जातल्या पाचही फोटोंना क्षितिज वाकवलेलं कुणी का बघावं?

म्हणजे १८ मिलिमीटर पुरत होतं, आणि ते त्याच्या किट लेन्समध्येच होतं. शिवाय फोकसचा प्रश्नही संपला. १८ मिलिमीटर, एफ ५.६, फोकस साडेचार मीटरवर लावला तर पावणेदोन मीटरपासून अनंतापर्यंत सगळं मान्य होईल इतकं शार्प येतं. शिखर येतं त्या जागेखाली एकाला काठी उभी धरायला लावायची, तिच्यावर उजेड असतानाच फोकस घ्यायचा आणि ऑटोफोकस बंद करून टाकायचा. अंधारू लागल्यावर ऑटोफोकस शोधत बसतो ही कटकटच राहत नाही.

आता एफ २.८ कडे. फ्लॅशच्या कामात अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, म्हणजे एफचा आकडा) किती ठेवायचं हे उजेडाचं गणित ठरवतं, आणि ते गणित इथे एफ ५.६ वर येऊन बसलं. जी लेन्स घेण्याचं मुख्य कारण एफ २.८ आहे, तिला सबंध संध्याकाळ एफ ५.६ वर वापरायचं. ४५ हजारांतले बरेचसे पैसे तिथेच वाया.

सगळा खेळ फरकाचा

डी७५०० चा सिंक स्पीड, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणारं सर्वांत वेगवान शटर, १/२५०. त्याहून वेगवान शटरला सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा नसतो, नुसती एक फट सरकत जाते, म्हणून साधा फ्लॅश अर्धीच फ्रेम उजळतो. पण १/२५० ला तर २१ पिक्सेलचा फराटा येतो, हे आत्ताच काढलं. मग शार्प फोटो येणार कसा?

शटरने तो येत नाहीच. रायडरवर सभोवतालचा उजेड इतका कमी ठेवायचा की त्याने उमटणारा फराटा दिसूच नये, आणि चित्र फ्लॅशच्या ठिणगीने उमटवायचं. ती ठिणगी शटरच्या कितीतरी पट छोटी असते. एसबी-८०० चं मॅन्युअल हे आकडे देतं: पूर्ण ताकदीला १/१०५० सेकंद, १/४ ताकदीला १/२७००, १/८ ला १/५९००, १/१६ ला १/१०९००. ताकद कमी केली की फ्लॅश मंद होत नाही, लवकर तोडला जातो. १/८ ला आपली सायकल एक मिलिमीटरही सरकत नाही, म्हणजे एका पिक्सेलच्या आत. यात एक खाच आहे. हे आकडे उजेड शिखराच्या निम्म्यावर असेपर्यंतचे असतात. पूर्ण ताकदीला त्यामागे लांब शेपूट राहतं आणि ते फोटोत उमटतं. कमी ताकदीला शेपूटच छाटलं जातं. म्हणून जंपसाठी एक मोठा फ्लॅश पूर्ण ताकदीने मारण्यापेक्षा लहान फ्लॅश १/८ ला चालवणं चांगलं. २०० वॉट-सेकंदांचा गोडॉक्स एडी२०० लोक उत्साहाने घेतात, आणि तो उत्तम आहेच, पण पूर्ण ताकदीला त्याची ठिणगी १/२२० ची आहे. शटरपेक्षाही सावकाश!

मग फ्लॅश १/८ वर ठेवून पुरेसा उजेड कसा आणायचा? इथे फ्लॅशच्या डोक्याचा झूम उपयोगी पडतो आणि लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. एसबी-८०० चा गाइड नंबर, म्हणजे उजेड किती लांब पुरतो ते सांगणारा आकडा, आयएसओ १०० ला (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता) ३५ मिलिमीटर झूमवर ३८ आहे, ७० वर ५०. उजेडाचा झोत अरुंद झाला, रायडरवर पडणारा वाढला. ताकद १/८ आहे, म्हणून ५० ला ८ च्या वर्गमुळाने भागलं की १७.७. याला एफच्या आकड्याने भागलं की अंतर मिळतं. एफ ५.६ ला हा उजेड ३.२ मीटरपर्यंत पुरतो आणि तिथे झोत साधारण १.६ मीटर रुंद असतो, जवळजवळ सायकलच्या लांबीइतका. स्टँड उडीच्या रेषेपासून अडीच मीटर बाजूला, फ्लॅश जमिनीपासून एक मीटरवर, रायडरची छाती जमिनीपासून पावणेतीन मीटरवर. तिरकं अंतर मोजलं तर तीन मीटरच्या जरासं वर. बसलं.

यापेक्षा जवळ स्टँड का नाही? रायडर दर वेळी एकाच रेषेतून जात नाही. तीन मीटरवरून तो अर्धा मीटर जवळ आला तर अर्धा स्टॉप उजेड वाढतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), रॉ फाइलमध्ये सावरता येतो. दीड मीटरवर फ्लॅश असता आणि तो अर्धा मीटर जवळ आला असता, तर एक स्टॉपहून जास्त. जर्सी जळाली असती.

आयएसओ वाढवून काम भागेल, असं विद्यार्थ्याला वाटत होतं. आयएसओ वाढवला की फ्लॅशचा उजेड वाढतो आणि सभोवतालचाही तेवढाच. दोघांतला फरक तसाच राहतो. तो फरक बदलतो शटर सिंकपर्यंत वाढवून, फ्लॅश जवळ आणून किंवा त्याची ताकद वाढवून. किंवा सूर्य मावळू देऊन. हाय-स्पीड सिंकचंही असंच. शटर १/२००० करता येतं, पण फ्लॅश तेव्हा भराभर लुकलुकत सलग दिव्यासारखा वागतो, सुरुवातीलाच दोनेक स्टॉप ताकद जाते आणि त्यापुढे शटर वाढवलं की ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच उतरतात. तिथे गोठवण्याचं काम परत शटरवर येतं. भर उन्हात जवळून मारायचं असेल तर ठीक, आपल्याला त्याची गरज नव्हती.

हेल्मेटच्या कडेतून दिसलेलं आकाश

सव्वापाचच्या सुमारास सावलीत कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर दाखवत होता १/२५०, एफ २.८, आयएसओ १००. आपण एफ ५.६ वर, म्हणजे सभोवतालचा उजेड दोन स्टॉप खाली. कागदावर छान. पहिल्या चाचणी फ्रेमा काढल्या आणि स्क्रीनवर मोठ्या करून बघितल्या. स्पोक, टायरचे दात, हातमोज्याची शिवण, सगळं कोरल्यासारखं. पण हेल्मेटची पुढची आणि मागची कड बोटभर रुंदीच्या पट्ट्यात विरळ, तिच्यातून आकाश आरपार दिसतंय.

बरेच जण इथे फ्लॅशची ताकद वाढवतात आणि काही फरक पडत नाही. कारण हा रायडरवर पडलेल्या उजेडाचा फराटा नव्हताच. मागचं पश्चिमेचं आकाश तेव्हा एफ ८ इतकं उजळ होतं, आपल्या एक्स्पोजरच्याही एक स्टॉप वर. शटर उघडं असताना रायडर २३ मिलिमीटर सरकला, आणि तेवढ्या पट्टीत काही वेळ तो होता, काही वेळ मोकळं आकाश. आकाशाने आपला उजेड तिथे टाकला. रायडर कितीही उजळवा, ती पट्टी जात नाही. पार्श्वभूमी अंधारीच करावी लागते.

दोन वाटा होत्या. एक म्हणजे वळून गिरिपुष्पाची रांग मागे घ्यायची. ती सावलीत, गडद. लगेच कडा भरून आल्या आणि अर्जातले दोन फोटो तिथूनच निघाले. पण झाडीसमोर उडीची उंची पुन्हा हरवते. दुसरी वाट थांबण्याची. सूर्य डोंगराआड गेला, आकाशाचं मीटर एफ ४ वर आलं, मग एफ २.८ वर. आता एफ ५.६ ला आकाश दोन स्टॉप खाली, गर्द निळं, तळाशी केशरी. फ्लॅशला हात लावला नव्हता, अ‍ॅपर्चर तेच, शटर तेच. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्यास्तानंतर कामाचा उजेड वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. म्हणून स्टँड, फोकस, ताकद, सगळं त्याआधी पक्कं हवं. त्या वेळात करायचं काम एकच: रायडरने यायचं, आपण दाबायचं. रायडरला लिप आणि लँडिंग नीट दिसेनासं झालं की थांबायचं, मग आकाश कितीही सुंदर असो.

दुसरा फ्लॅश मागून, पहिल्याच्या तिरक्या समोर, लँडिंगच्या ढिगाऱ्याआड लपवून लावला, म्हणजे तो थेट लेन्समध्ये दिसत नाही. त्याने रायडरच्या कडेला उजळ रेघ आली, चाकामागे उडालेला मुरमाचा धुरळा पेटला आणि कडेची उरलीसुरली विरळ पट्टीही झाकली गेली. पुढचा फ्लॅश खालून मारल्यामुळे उजेड हेल्मेटच्या पीकखाली शिरला आणि डोळे दिसले. स्टँड उंच करून वरून उजेड टाकायची सवय पोर्ट्रेटमधून येते. इथे ती सोडायची.

रायडरच्या डोळ्यांचा विचार फोटोआधी करायचा. लिप सोडण्याआधी किंवा लँडिंगवर नजर टाकताना फ्लॅश थेट डोळ्यांत गेला तर पडणं आलंच. पुढचा फ्लॅश त्याच्या नजरेच्या रेषेबाहेर, बाजूला ठेवला. तो लिपवर नुसता उभा असताना आणि लँडिंगकडे बघत असताना चाचणीचे झोत मारले आणि "चालेल" असं त्याने स्वतः सांगितल्यावरच पहिली रन झाली. मागचा दिवा त्याला एकदा खटकला, तो हातभर सरकवला. स्टँडच्या पायांवर मुरमाने भरलेल्या पिशव्या ठेवल्या. लँडिंगच्या रेषेत आणि चुकून बाहेर गेला तर जिथे पडेल त्या पट्ट्यात काहीच नाही, माणूसही नाही.

घेतलं काय

साध्या मॅन्युअल बनावटीचा, आत रेडिओ रिसीव्हर असलेला एक फ्लॅश, कॅमेऱ्यावर लावायचा ट्रिगर, एसबी-८०० साठी वेगळा रिसीव्हर, दोन स्टँड, रिचार्जेबल सेल. ४५ हजारांपैकी निम्म्याहून कमी खर्च झाला. डी७५०० चा स्वतःचा छोटा फ्लॅश दुसऱ्या फ्लॅशला इशारा देऊ शकतो, पण तो इशारा प्रकाशाचा. उन्हात आणि ढिगाऱ्याआड तो पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून रेडिओच घेतला. टीटीएलचे, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवण्याच्या सोयीचे, पैसे मुद्दाम वाचवले. चौकटीत कधी रायडर, कधी मोकळं आकाश असताना कॅमेऱ्याला उजेड ठरवू देण्यात अर्थ नाही. अंतर ठरलेलं आहे, ताकद ठरवून टाकावी.

उरलेल्या पैशांत निकॉनची एएफ-पी १०-२० घ्यावी का, हा त्याचा पुढचा प्रश्न. २३० ग्रॅमची, हलकी, या कामाला चांगली लेन्स. तरी एक मोसम १८ मिलिमीटरवर काढ, चौकट कुठे कमी पडते ते तुझं तुलाच कळू दे, असं सांगितलं.

७०-२०० ला माझा विरोध नाही. झाडीतली डाउनहिल रेस असेल, ट्रॅकला टेप लावलेला असेल, फ्लॅशला परवानगी नसेल, तर तिथे १/१००० लागतं आणि सावलीत एफ २.८ ला आयएसओ १६०० वर भागतं. किट लेन्सच्या एफ ५.६ ला तेच ६४०० वर जातं. तिथे ती दोन स्टॉपची काच प्रत्येक रुपयाची वसुली करते. असा प्रसंग वर्षाकाठी एखादाच येत असेल तर पुण्यात लेन्स भाड्याने मिळते. त्या विद्यार्थ्याची फोटो काढायची पहिली रेस उन्हाळ्यात आहे आणि त्या शनिवार-रविवारसाठी त्याने ती आत्ताच सांगून ठेवली आहे.